अ‍ॅलन मिंटर: म्युनिकचं कांस्य, वेम्ब्लीची बाटलीफेक आणि मधली आठ वर्षं

ठोसेघर
बॉक्सिंगमध्ये मिडलवेट या वजनगटाचा विषय निघाला की गाडी हॅगलर, हर्न्स, लेनर्ड, डुरान या चौकडीवर जाऊन थांबते. अ‍ॅलन मिंटरचं नाव आलंच तर 'हॅगलरने ज्याच्याकडून जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला तो' एवढ्यापुरतं. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. म्हणून हा धागा. हौशी आणि व्यावसायिक, दोन्ही कारकिर्दींवर सविस्तर बोलू.

आधी ढोबळ आराखडा. जन्म 17 ऑगस्ट 1951, वाढला ससेक्समधल्या क्रॉलीत. डावखुरा, म्हणजे साउथपॉ. 1971 मध्ये इंग्लंडच्या हौशी संघटनेचं, म्हणजे एबीएचं, मिडलवेट विजेतेपद. 1972 ला म्युनिक ऑलिंपिकमध्ये लाइट-मिडलवेटचं कांस्य. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर व्यावसायिक पदार्पण. नोव्हेंबर 1975 मध्ये ब्रिटिश किताब, फेब्रुवारी 1977 मध्ये युरोपीय, आणि 16 मार्च 1980 ला लास वेगासमध्ये व्हिटो अँटुओफेर्मोला हरवून निर्विवाद जगज्जेता. 27 सप्टेंबर 1980 ला वेम्ब्लीत हॅगलरकडून पराभव. 1981 नंतर रिंगमध्ये उतरला नाही. एकूण 49 लढती, 39 विजय (त्यातले 23 वेळेआधी संपलेले), 9 पराभव आणि एक लढत निकालाविना. निधन 9 सप्टेंबर 2020.

माझं म्हणणं असं: मिंटरचे पराभव बघितले तर कौशल्यात किंवा दमात मागे पडून हरलेला तो क्वचितच दिसतो. बहुतेक वेळा डोळ्याभोवतीची कातडी फाटली आणि लढत गेली. त्यामुळे हा माणूस समजून घ्यायचा तर ठोशांइतकंच जखमांबद्दल बोलावं लागेल. जाणकारांनी भर घालावी.

मंजिरी_क
छान विषय. एक शंका आहे. 1971 ला मिडलवेट, 1972 ला लाइट-मिडलवेट, पुढे पुन्हा मिडलवेट. हा माणूस वजन खाली-वर का करत होता?

ठोसेघर
@मंजिरी_क, नावं सारखी असली तरी हौशी आणि व्यावसायिक गटांच्या रेषा वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. तेव्हाच्या हौशी बॉक्सिंगमध्ये मिडलवेटची मर्यादा 75 किलो, म्हणजे साधारण 165 पौंड. त्याखालचा लाइट-मिडल 71 किलो, म्हणजे साधारण 156.5 पौंड. व्यावसायिक मिडलवेट 160 पौंड, ब्रिटिश भाषेत 11 स्टोन 6 पौंड, म्हणजे 72.57 किलो. व्यावसायिक मर्यादा दोन हौशी गटांच्या मधोमध पडते. 75 ला तो अंगाने थोडा हलका, 71 ला थोडं सुकावं लागणार, आणि 160 पौंडांना नेमका बसणारा. म्हणजे शरीर एकच, तराजूवरच्या खुणा वेगळ्या.

आणखी एक. त्या काळी वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. आजच्यासारखं आदल्या दिवशी वजन देऊन रात्रभरात चार-सहा किलो पाणी परत चढवायची सोय नव्हती. 160 ला उतरायचं तर रिंगमध्येही जवळपास तेवढंच वजन घेऊन उभं राहायचं. शेवटच्या क्षणी पाणी तोडून वजन गाठणारे सातव्या-आठव्या फेरीत पायाने जड व्हायचे. त्यामुळे त्या पिढीचे मिडलवेट आजच्या मिडलवेटपेक्षा रिंगमध्ये खरोखरच लहान दिसतात.

सांगलीचा_हुक
म्युनिकबद्दल लिहा ना. उपांत्य फेरीत त्याला लुटलं असं ब्रिटिश मंडळी अजून म्हणतात.

दक्षिणपंजा
म्युनिकचं मी लिहितो.

मिंटरचा मार्ग असा होता: गयानाच्या रेजी फोर्डला दुसऱ्या फेरीत गारद केलं, मग सोव्हिएत संघाचा व्हालेरी त्रेगुबोव 5-0, मग अल्जीरियाचा लुसिफ हमानी 4-1. उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनीचा डीटर कोटिश, तोही घरच्या प्रेक्षकांसमोर. निकाल 3-2 कोटिशकडे. कोटिशने पुढे पोलंडच्या रुदकोव्स्कीला हरवून सुवर्ण घेतलं.

आता हे 3-2 म्हणजे गुण नव्हेत. नवीन वाचकांचा इथे गोंधळ होतो, कारण पुढे यंत्रावर बटणं दाबून ठोसे मोजायची पद्धत आली आणि तिथे 14-11 असे आकडे दिसायला लागले. 1972 ला रिंगभोवती पाच पंच बसायचे. प्रत्येक पंच फेरी जिंकणाऱ्याला 20 आणि दुसऱ्याला त्याहून कमी गुण द्यायचा. तीन फेऱ्यांनंतर बेरीज सारखी आली तरी पंचाला एक नाव द्यावंच लागे. 3-2 म्हणजे तिघांनी कोटिशचं नाव दिलं, दोघांनी मिंटरचं. एका माणसाचं मत फिरलं असतं तर मिंटर अंतिम फेरीत होता.

'लुटलं' हा शब्द मी वापरणार नाही. लढत जवळची होती, आणि जवळच्या लढतीत यजमान खेळाडूला झुकतं माप मिळतं. दुसरं असं की हौशी नियमांत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडलं तरी त्याचे जास्तीचे गुण नसत. स्वच्छ जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) आणि पाडणारा ठोसा यांची किंमत कागदावर एकच. जोरात मारणाऱ्याचं यात नुकसान होतं, आणि मिंटर जोरात मारणारा होता.

उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्य मिळतं. दुसरं कांस्य पूर्व जर्मनीच्या पेटर टीपोल्डला गेलं. हमानीचं नाव लक्षात ठेवा. तोही व्यावसायिक झाला आणि 1980 च्या फेब्रुवारीत हॅगलरने त्याला दोन फेऱ्यांत संपवला.

निनाद७
वाचतोय. हौशी ते व्यावसायिक या उडीत नेमकं काय बदलतं, ते कोणी मुद्देसूद सांगेल का? इथे बरेच जण 'ऑलिंपिक पदक आहे म्हणजे पुढे चालणारच' असं धरून बोलतात.

कोपरा
@निनाद७, पहिली गोष्ट वेळ. ऑलिंपिकमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, एकूण नऊ मिनिटं. मिंटरच्या काळातली ब्रिटिश किताबाची लढत पंधरा फेऱ्यांची, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. नऊ मिनिटांच्या लढतीत पहिल्या घंटेपासून पूर्ण वेगाने सुटता येतं. पंधरा फेऱ्यांना तसं केलं तर सहाव्या फेरीत हात खाली येतात. मग नवशिक्या व्यावसायिकाला सहा, आठ, दहा अशा पायऱ्यांनी वर चढवतात. मिंटरची पहिली लढत मॉरिस थॉमसशी होती आणि ती सहाव्या फेरीत संपली. हौशी कारकिर्दीतल्या कुठल्याही लढतीच्या जवळपास दुप्पट वेळ तो पहिल्याच दिवशी रिंगमध्ये होता.

दुसरी गोष्ट अंगावरचे ठोसे. नऊ मिनिटांत बरगडीवर मारलेल्या ठोशाचं फळ मिळायला वेळच उरत नाही, म्हणून हौशी बॉक्सर डोक्यावर नेम धरतात. लांब लढतीत चौथ्या फेरीत बरगडीखाली मारलेले ठोसे दहाव्या फेरीत वसूल होतात. ज्याचं कोपर खाली यायला शिकत नाही तो इथे फसतो.

तिसरी गोष्ट डोकी. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जवळ येऊन खांद्याला खांदा लावून लढणं जास्त, रेफरी लगेच सोडवत नाही, कपाळाला कपाळ घासतं. साउथपॉच्या बाबतीत हे दुप्पट होतं. उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो, साउथपॉ उजवा. दोघांचे पुढचे पाय समोरासमोर येतात, दोघंही तिरके आत झेपावतात आणि दोन्ही डोकी एकाच रेषेत भेटतात. दोन माणसांनी एकाच दारातून एकदम शिरावं तसं. भुवया फुटतात त्या इथे.

मिंटरची पहिली दोन वर्षं याचीच साक्ष देतात. 1973 मध्ये डॉन मॅकमिलनकडून जखमेमुळे हार. मग यान माग्झियार्झ नावाच्या बॉक्सरने त्याला तिसऱ्या फेरीत संपवलं. त्याच माग्झियार्झशी दुसरी लढतही गेली. तिसरी तर दोघंही मनापासून लढत नाहीत म्हणून रेफरीने निकालाविना बंद केली. ऑलिंपिक पदक गळ्यात असताना 1974 च्या अखेरीला हा पोरगा जवळजवळ संपल्यातच जमा होता.

सांगलीचा_हुक
आणि वर्षभरात ब्रिटिश विजेता! मधे काय झालं?

ठोसेघर
केव्हिन फिनेगन झाला.

4 नोव्हेंबर 1975, पंधरा फेऱ्या, मिंटर अगदी निसटत्या गुणांनी विजयी. 14 सप्टेंबर 1976, पुन्हा पंधरा फेऱ्या, पुन्हा निसटता. 8 नोव्हेंबर 1977, तिसऱ्यांदा पंधरा फेऱ्या, तिसऱ्यांदा मिंटर. दोन माणसांनी एकमेकांसमोर पंचेचाळीस फेऱ्या, म्हणजे एकशे पस्तीस मिनिटं, काढली आणि एकदाही कोणी कोणाला थांबवू शकलं नाही. माझ्या मते मिंटर खऱ्या अर्थाने व्यावसायिक झाला तो इथेच. फिनेगन पाठलाग करणारा नव्हता, तो जागेवरून खांदा फिरवून ठोसा निसटवायचा आणि मग प्रत्युत्तर द्यायचा. असल्या माणसासमोर जोर चालत नाही, जॅब चालतो. मिंटरचा उजवा जॅब या तीन लढतींत घडला.

केव्हिनचा भाऊ ख्रिस म्हणजे 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकचा मिडलवेट सुवर्णविजेता. पुढे लाइट-हेवीला जाऊन त्याने सप्टेंबर 1972 मध्ये तेव्हाचा जगज्जेता बॉब फॉस्टरला चौदाव्या फेरीपर्यंत झुंजवलं होतं. घरात हाडाचे ठोसेबाज.

त्या वेळी ब्रिटिश किताबाच्या लढतीत पंचांचं त्रिकूट नसे. रेफरी एकटाच लढत सोडवायचा आणि एकटाच गुण द्यायचा, तेही अर्ध्या-पाव गुणांच्या हिशेबात. शेवटची घंटा झाली की रेफरी थेट विजेत्याकडे जाऊन त्याचा हात वर करायचा. त्यामुळे 'निसटता' निकाल म्हणजे एका माणसाच्या वहीतली एखादी फेरी इकडची तिकडे, एवढाच फरक.

मंजिरी_क
लॉन्सडेल पट्टा त्याने कायमचा मिळवला असं वाचलं आहे. कायमचा म्हणजे?

कोपरा
ब्रिटिश विजेत्याला मिळणारा तो पट्टा एरवी ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाचा असतो, हरलात की परत द्यायचा. तेव्हा एकाच वजनगटात किताबाच्या तीन लढती जिंकल्या की पट्टा स्वतःच्या मालकीचा व्हायचा. मिंटरने 1975 ला फिनेगन, 1976 च्या एप्रिलमध्ये बिली नाइट (दोन फेऱ्यांत) आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा फिनेगन असे तीन पुरे केले. वर्षभराच्या आतच.

दक्षिणपंजा
1976 चा शेवट आणि 1977 हा काळ कोणी नीट बघत नाही. त्याने टोनी लिकाटाला थांबवलं, डिसेंबरमध्ये शुगर रे सील्सला पाचव्या फेरीत. सील्स म्हणजे म्युनिकमध्ये अमेरिकेला बॉक्सिंगचं एकमेव सुवर्ण मिळवून देणारा. 4 फेब्रुवारी 1977 ला मिलानमध्ये जेर्मानो व्हाल्सेकीला पाचव्या फेरीत गारद करून युरोपीय किताब. जुलैत मोंटे कार्लोला माजी जगज्जेत्या एमिल ग्रिफिथवर गुणांनी विजय, आणि ती ग्रिफिथची शेवटची लढत ठरली. त्याच वर्षी रॉनी हॅरिसकडून जखमेमुळे हार, सप्टेंबरमध्ये मिलानलाच ग्रात्सियां तोनाकडून जखमेमुळे हार आणि युरोपीय किताब गेला. नोव्हेंबर 1978 ला वेम्ब्लीत तोनाला सहा फेऱ्यांत परतफेड.

जिंकतो तेव्हा स्पष्ट जिंकतो, हरतो तेव्हा रक्ताने हरतो. धागाकर्त्यांचं म्हणणं इथे सरळ दिसतं.

निनाद७
मग हे थांबवता येत नव्हतं का? चांगला कटमॅन, म्हणजे कोपऱ्यात जखमेचं रक्त थांबवणारा माणूस, ठेवायचा की.

डॉ_टाका
इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण कटमॅनकडून लोकांच्या अपेक्षा फार असतात.

भुवईच्या खाली कवटीच्या हाडाला कड असते. ठोसा किंवा कपाळ लागलं की त्या कडेवर आतून बाहेर कातडी चिरते. म्हणून या जखमा सुरीने कापल्यासारख्या सरळ नसतात, कडा ठेचलेल्या असतात. भुवईवर केशवाहिन्या भरपूर, वर बॉक्सरचं हृदय मिनिटाला 170-180 ठोके मारत असतं. त्यामुळे अर्ध्या इंचाच्या चिरेतूनही धार लागते.

फेऱ्यांच्या मधला वेळ साठ सेकंद. बॉक्सर स्टुलावर येऊन बसेपर्यंत आठ-दहा सेकंद गेलेले, उठायच्या आधीचे दहा सेकंद हिशेबातून काढा. हातात चाळीस सेकंद. त्यात क्रम असा: स्वच्छ कोरड्या टॉवेलने एकदाच पुसायचं. अ‍ॅड्रेनलिनमध्ये, एकास हजार प्रमाणाच्या द्रावणात, भिजवलेला कापसाचा बोळा काडीवरून थेट जखमेच्या आत टेकवायचा, वरवर नाही. दुसऱ्या हाताने गॉझ लावून हाडावर दाबायचं आणि किमान तीस सेकंद दाब सोडायचा नाही. शेवटच्या पाच सेकंदांत वरून व्हॅसलीनचा थर. रक्तवाहिन्या आकसतात त्या अ‍ॅड्रेनलिनने, पण रक्त थांबतं ते मुख्यतः दाबाने.

चुका कुठे होतात? एक, बोळा उचलून 'थांबलं का' बघणं. तयार होत आलेली गुठळी त्याच्याबरोबर निघून येते. दोन, ट्रेनरने डोक्यावर पाणी ओतणं. ते थेट जखमेत उतरतं, औषध वाहून जातं आणि व्हॅसलीन चिकटत नाही. तीन, व्हॅसलीन थापणं. जास्त झालं की घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि बॉक्सरला दिसेनासं होतं, म्हणजे जखमेने जे केलं नसतं ते आपणच केलं. चार, डोळ्याखालची सूज थंड लोखंडी पट्टीने चोळणं. ती फक्त दाबून धरायची असते. चोळली की आतली नाजूक वाहिनी फुटून सूज वाढते.

पूर्वी काही कोपऱ्यांत लोहक्षाराचं एक जळजळीत द्रावण वापरायचे. रक्त झटकन थांबायचं, पण कातडी अक्षरशः भाजून निघायची, टाके नीट बसायचे नाहीत आणि तिथे कठीण व्रण राहायचा. पुढच्या लढतीत तोच व्रण आधी फुटायचा. त्यामुळे त्यावर बंदी आली, ब्रिटनमध्ये कोपऱ्यात अ‍ॅड्रेनलिनचं ते एकास हजार द्रावणच चालतं.

आता मूळ प्रश्न. भरलेली जखम तीन आठवड्यांनी मूळ कातडीच्या चौथाई ताकदीची असते, तीन महिन्यांनी साधारण ऐंशी टक्क्यांवर येते आणि तिथेच थांबते. शंभर टक्के कधीच होत नाही. वर्षाला सहा-सात लढती करणाऱ्या बॉक्सरची भुवई एकदा फाटली की ती पुन्हा त्याच जागी फाटायला तयारच असते. कटमॅन रात्र वाचवतो. कारकीर्द वाचवायची तर वरचा थर जुळवून भागत नाही, आतल्या थराचे टाके वेगळे घालावे लागतात आणि पुढची लढत लांबवावी लागते. दुसरी गोष्ट मॅनेजरला नको असते.

सांगलीचा_हुक
डॉक्टरसाहेब, दंडवत. पण मग प्रत्येक जखमेला लढत थांबवत का नाहीत?

डॉ_टाका
जागा महत्त्वाची, लांबी नाही. गालावर दोन इंचाची जखम असेल तरी रक्त खाली वाहतं, लढत चालू ठेवतात. भुवईच्या बाहेरच्या टोकाला असेल तर रक्त कानाकडे जातं, तेही सांभाळता येतं. वरच्या पापणीवर, पापणीच्या कडेला किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे अश्रुनलिका आहे, तिथे असेल तर अर्धा सेंटीमीटरही पुरे. रक्त सरळ डोळ्यात उतरतं, ठोसा येताना दिसत नाही, आणि नलिका तुटली तर आयुष्यभर डोळा वाहता राहतो.

आज जखम डोकी आपटून चुकून झाली असेल तर ठरावीक फेऱ्यांनंतर गुण मोजून निकाल देतात. मिंटरच्या दिवसांत ती सवलत नव्हती. जखम कशानेही होवो, ज्याला पुढे जाता आलं नाही तो हरला.

मंजिरी_क
1978 च्या इटलीतल्या लढतीबद्दल कोणीच लिहिलं नाही. टाळण्यासारखी गोष्ट नाही ती.

दक्षिणपंजा
बरोबर. 19 जुलै 1978, बेलारिया, रिकाम्या युरोपीय किताबासाठी अँजेलो याकोपुची विरुद्ध मिंटर. बाराव्या फेरीत मिंटरने त्याला गारद केलं. याकोपुची उठला, नंतर जेवणालाही हजर होता. त्यानंतर कोसळला, बोलोन्याला शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांत गेला.

यात मिंटरची नियमबाह्य अशी कोणतीच कृती नव्हती. प्रकरण न्यायालयात गेलं, 1983 मध्ये रिंगजवळच्या डॉक्टरला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरलं गेलं, रेफरी आणि ट्रेनर सुटले. डॉक्टरवर दोष येण्यामागचं वैद्यकीय कारण डॉ_टाका जास्त नीट सांगतील.

डॉ_टाका
कवटी आणि मेंदू यांच्या मधली शीर फाटली तर रक्त हळूहळू साठतं. मधल्या काळात माणूस बोलतो, चालतो, जेवतो. दाब वाढला की डोकेदुखी, उलटी, एका बाजूची बाहुली मोठी होणं, मग बेशुद्धी. या मधल्या तासांत तो ठीक दिसतो म्हणूनच धोका. गारद झालेल्या बॉक्सरला म्हणून त्या रात्री एकटं ठेवायचं नाही, झोपू दिलं तर उठवून तपासायचं, आणि डोकं दुखतंय म्हणाला की थेट मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचं. आज ब्रिटनमध्ये असं रुग्णालय आधी कळवून ठेवल्याशिवाय आणि रुग्णवाहिका दाराशी असल्याशिवाय लढत सुरू होत नाही.

निनाद७
आता वेगासवर या. अँटुओफेर्मोची पहिली लढत मिंटर खरंच जिंकला होता का? त्या ब्रिटिश पंचाचं गुणपत्रक तर हास्यास्पद होतं.

ठोसेघर
गुणपत्रक हास्यास्पद होतं, निकाल नव्हता.

पार्श्वभूमी अशी की 30 नोव्हेंबर 1979 ला त्याच सीझर्स पॅलेसमध्ये अँटुओफेर्मोने हॅगलरशी पंधरा फेऱ्या बरोबरी करून किताब राखला होता. मग 16 मार्च 1980 ला मिंटर. तीन पंचांपैकी दोघांनी मिंटरला दिलं, एकाने अँटुओफेर्मोला. ब्रिटिश पंच रोलंड डेकिनचा आकडा 149-137. दहा गुणांच्या पद्धतीत (फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला सहसा 9, बरोबरीत दोघांना 10) याचा अर्थ काढा: तेरा फेऱ्या मिंटरच्या, एक बरोबरीत, एकच अँटुओफेर्मोची. 13 गुणिले 9 म्हणजे 117, अधिक 20, झाले 137. त्या रात्रीची लढत बघितलेला कोणीही अँटुओफेर्मोला एकच फेरी देणार नाही. तो सतत पुढे येत होता, आत शिरून दोन्ही हातांनी मारत होता. मिंटर मागे सरकत उजव्या जॅबवर गुण गोळा करत होता. दबाव आवडणारा पंच अँटुओफेर्मोला देईल, स्वच्छ ठोसे मोजणारा मिंटरला. मी दोन फेऱ्यांनी मिंटरला देतो.

28 जून 1980 ला वेम्ब्लीत पुन्हा लढत झाली आणि तिथे शंकाच उरली नाही. अँटुओफेर्मोचा चेहरा मिंटरपेक्षाही लवकर फाटणारा. आठ फेऱ्यांत संपलं. मिंटरच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात नीटनेटकी कामगिरी. जॅब, मागे अर्धं पाऊल, डावा सरळ, बाजूला. समोरचा आत येईपर्यंत हा तिथे नसायचा.

निनाद७
मान्य नाही. दोन फेऱ्यांचा फरक तुम्ही मिंटरवरच्या प्रेमाने देताय. पहिल्या लढतीतल्या शेवटच्या पाच फेऱ्या आवाज बंद करून बघा.

ठोसेघर
आवाज बंद करूनच बघितल्या आहेत, साहेब. आपलं जमणार नाही, पुढे जाऊ. :)

कोपरा
हॅगलरच्या लढतीकडे. 27 सप्टेंबर 1980, वेम्ब्ली.

तांत्रिक बाजू आधी. मिंटरला जमलेलं सगळं उजव्या हाताच्या बॉक्सरविरुद्ध जमलेलं होतं. साउथपॉचा फायदा हा की समोरच्याला त्याची सवय नसते, पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेर ठेवला की डाव्या सरळ ठोशाला मोकळी वाट मिळते. हॅगलर स्वतः साउथपॉ. दोघांचा उजवा पाय पुढे, मग बाहेरचा-आतला हा खेळच नाही. उरतो तो जॅबविरुद्ध जॅब, आणि हॅगलरचा उजवा जॅब नैसर्गिक उजव्या हाताच्या माणसाचा, म्हणजे जड. जॅब कसला, दांडकाच. शिवाय तो मधेच पाय बदलून उजव्या बॉक्सरसारखा उभा राहायचा. त्यासाठी सराव करायला तसा माणूसच मिळत नाही.

मिंटर पहिल्या फेरीपासून जागेवर उभा राहून अदलाबदल करायला गेला. अँटुओफेर्मोविरुद्ध जे अर्धं पाऊल मागे होतं ते इथे दिसलंच नाही. लगेच चेहरा फुटला, तिसऱ्या फेरीत दोन्ही डोळ्यांभोवती रक्त आणि पनामाचा रेफरी कार्लोस बेरोकाल याने लढत थांबवली. त्यात चूक काहीच नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लढतीआधी मिंटरच्या तोंडचं वर्णद्वेषी वाक्य वर्तमानपत्रांत छापून आलेलं, सभागृहात आधीच गरम वातावरण. थांबवल्याबरोबर बिअरचे डबे आणि बाटल्या रिंगमध्ये. हॅगलरला त्याच्या कोपऱ्यातल्या पेट्रोनेली बंधूंनी अंगाखाली झाकून घेतलं, पोलिसांनी बाहेर नेलं, आणि पट्टा कमरेला बांधायचा सोहळाही रिंगमध्ये झाला नाही. साडेसहा वर्षं, 1987 ला लेनर्डकडे जाईपर्यंत, किताब त्याच्याकडे राहिला. वेम्ब्लीच्या प्रेक्षकांनी त्या रात्री जे केलं त्याचं कोणतंही समर्थन होत नाही, मिंटरचा चाहता म्हणूनही नाही.

सांगलीचा_हुक
पुढे 1981 ला हामशो आणि सिब्सन, बरोबर?

दक्षिणपंजा
हो. जूनमध्ये वेगासला मुस्तफा हामशोकडून विभागलेल्या निकालाने हार. हामशोही साउथपॉ, आणि गुणांवर हरलेली मिंटरची ही दुर्मीळ लढत. सप्टेंबरमध्ये वेम्ब्लीला टोनी सिब्सनने तिसऱ्या फेरीत थांबवलं. सिब्सन डाव्या हुकचा (कोपर वाकवून बाजूने मारायच्या ठोशाचा) राजा, आणि साउथपॉला डावा हुक लागतो तो पुढच्या खांद्यावरून, जॅब परत घेताना उजवा हात खाली आला की. मिंटरचा येत होता. तीस वर्षांचा होता, थांबला.

मंजिरी_क
विजेंदर सिंगचं काय मग? तोही मिडलवेट कांस्य आणि मँचेस्टरला जाऊन व्यावसायिक झालेला. तुलना होईल का?

ठोसेघर
वजनापुरती होईल. विजेंदरचं 2008 च्या बीजिंगचं कांस्य 75 किलोचं. उपांत्य फेरीत तो क्यूबाच्या एमिलिओ कोरेआकडून हरला, आणि अंतिम फेरीत कोरेआला 16-14 ने हरवणारा इंग्लंडचा जेम्स डिगेल. हे आकडे बटणाच्या पद्धतीचे, वर दक्षिणपंजा म्हणाले ते. विजेंदर आणि डिगेल दोघंही व्यावसायिक होताना 160 ला खाली न उतरता 168 पौंडांच्या सुपर-मिडलला गेले. 75 किलो म्हणजे 165 पौंड, त्यामुळे वरचा गट जवळचा. 1972 ला हा गटच नव्हता. 160 ला जमलं नाही तर थेट 175 चा लाइट-हेवी, ख्रिस फिनेगनला तिथेच जावं लागलं.

फरक वयाचा. मिंटर पदकानंतर दोन महिन्यांत, एकविसाव्या वर्षी व्यावसायिक झाला. विजेंदर ऑक्टोबर 2015 मध्ये, तिशी गाठता गाठता. पंधरा काय, दहा फेऱ्यांची चाल अंगात मुरायलाही तीन-चार वर्षं लागतात, आणि ती तिशीनंतर मिळत नाहीत.

निनाद७
पहिल्यांदा बघणाऱ्याने कुठून सुरुवात करावी? तीन लढती सांगा.

कोपरा
जून 1980 ची अँटुओफेर्मो आधी. नजर मिंटरच्या उजव्या पायावर ठेवा, ठोशांवर नको. मग सप्टेंबर 1980 ची हॅगलर, आणि त्यातही उजवा पायच बघा, मागे सरकतो का ते. या दोन झाल्या की फिनेगनबरोबरची जी मिळेल ती. संथ वाटेल, पण चौथ्या फेरीनंतर कोण कोणाला चुकवायला लावतोय ते दिसायला लागेल.

निनाद७
आभार. अँटुओफेर्मोची पहिली लढतही बघतोच, फेरीनिहाय गुण इथे टाकतो. मग बोलू.